नाशिकमध्ये ग्रंथालयाच्या आणि माहितीशोधाच्या कामात शिरायचंय? जाहिरात येण्याआधी हे करून ठेवा

जून लागला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, बी.लिब. झालंय, आता पुढे काय करू?" (बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी.) निफाडकडची, सिन्नरची, कधी पार सुरगाण्याची मुलं-मुली असतात. प्रत्येकाला तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

माझं म्हणाल तर निफाड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, तेवीसशे पुस्तकांवर, मी सुरुवात केली. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून दोन्ही पदव्या घेतल्या, चार वर्षं नाशिकमधल्या एका खासगी महाविद्यालयात काढली, आता दुसऱ्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. सुट्टीत मराठी ग्रंथसूची संगणकावर चढवून द्यायची कामं घेते. वाटेत बऱ्याच ठेचा खाल्ल्या. तुम्ही निदान त्याच दगडांवर आपटू नका.

१. आधी ठरवा, कुठल्या दाराने आत जायचंय

"लायब्ररीत नोकरी" ही एकच नोकरी नाही. दारं वेगळी, पात्रता वेगळी, पगार तर फारच वेगळे.

पहिलं दार सार्वजनिक ग्रंथालयांचं. नाशिकला ही परंपरा जुनी आहे. टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं 'सावाना', १८४० सालचं. गावोगावची मान्यताप्राप्त ग्रंथालयं १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली येतात. त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. पगार त्या अनुदानातून निघतो, आणि अनुदान हप्त्यांनी येतं. स्पष्टच सांगते: 'क' किंवा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयावर घर चालत नाही. पण दाखल नोंदवहीपासून, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीच्या वहीपासून, वर्गणीच्या पावतीपर्यंत सगळं एकट्याने करावं लागतं, त्यामुळे काम तिथे शिकून होतं. अशा ठिकाणी ग्रंथालय संघांमार्फत चालणारा प्रमाणपत्र वर्ग पुरतो. महाविद्यालयात मात्र त्याला कोणी विचारत नाही.

दुसरं दार शाळांचं. अनुदानित शाळांमधली पदं विद्यार्थिसंख्येवर ठरतात आणि बरीच 'अर्धवेळ' असतात. अर्धवेळ म्हणून रुजू झालेला माणूस वर्षानुवर्षं पूर्णवेळ होण्याची वाट बघत बसतो, हे मी जवळून पाहिलंय. त्यापेक्षा केंद्रीय विद्यालयांच्या ग्रंथपाल भरतीवर लक्ष ठेवा. पदवी आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी एवढ्यावर अर्ज करता येतो, सातव्या वेतनस्तरात मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो. आपल्या जिल्ह्यात नाशिकरोड, देवळाली, ओझर इथे केंद्रीय विद्यालयं आहेत आणि दिंडोरी तालुक्यात खेडगावला नवोदय. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

तिसरं दार महाविद्यालयं आणि विद्यापीठांचं. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, शिवाय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली ढीगभर महाविद्यालयं. महाविद्यालयीन ग्रंथपालाचं पूर्ण वेतनाचं पद दहाव्या स्तरात, म्हणजे ५७,७०० मूळ पगारावर असतं. सगळ्यांना हवं असतं ते हेच, आणि अडचणीही इथेच जास्त.

चौथ्या दारावर 'ग्रंथालय' अशी पाटीच नसते. त्याबद्दल शेवटी.

एक गैरसमज आत्ताच दूर करते. कॉलेजरोड, गंगापूररोड, पंचवटीत गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका आहेत. बाहेर बोर्ड 'लायब्ररी'चा, आत खुर्च्या, एसी आणि वायफाय. तिथे 'लायब्ररी मॅनेजर' म्हणून केलेली दोन वर्षं ग्रंथालयाचा अनुभव म्हणून धरली जात नाहीत. पैशासाठी करायची तर करा, अनुभवाच्या रकान्यात तिचा भरवसा धरू नका.

२. पदवी कुठून घ्याल

कुठलीही पदवी असेल तर बी.लिब. एका वर्षाचं, त्यावर एम.लिब., म्हणजे पदव्युत्तर पदवी, आणखी एक वर्ष. काही विद्यापीठांत दोन्ही मिळून दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो. नोकरी सांभाळून करायचं असेल तर मुक्त विद्यापीठ आपल्या दारातच आहे. मी तिथूनच केलं आणि कुठल्याही मुलाखतीत त्यावरून माझं काही अडलं नाही.

दूरस्थ पदवी घेताना मात्र त्या वर्षासाठी, त्याच अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा एजंट "सहा महिन्यांत एम.लिब., परीक्षा घरबसल्या" म्हणून गळ घालतो. माझ्या वर्गातल्या एकाने तशी पदवी घेतली आणि पडताळणीत अडकला. आणि हो, २०२४ पासून दूरस्थ प्रवेशाला याच मंडळाचा डीईबी आयडी लागतो. तो काढायला आधी शैक्षणिक क्रेडिट खातं लागतं, आणि त्या खात्यावरचं नाव आधारशी जुळावं लागतं. शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसून हे होत नाही.

एम.लिब.ला ५५ टक्के पाहिजेतच. महाविद्यालयाच्या पदाला तो उंबरठा आहे. मागास प्रवर्ग आणि दिव्यांगांना पाच टक्के सवलत आहे. ५४.६ टक्क्यांवर अडलेली माणसं मला माहीत आहेत, आणि ५४.६ चे ५५ करून कोणी देत नाही. पहिल्याच सत्रात गुण कमी पडले तर तेव्हाच सुधारणेची सोय शोधा.

३. कागदांची फाईल

जाहिरात आली की हातात साधारण पंधरा दिवस असतात आणि त्यातले पाच सेतू केंद्राच्या रांगेत जातात. म्हणून ही फाईल आजच करा:

- दहावीपासून एम.लिब.पर्यंतची सगळी गुणपत्रकं, प्रत्येक सत्राचं वेगळं, आणि पदवी प्रमाणपत्रं
- श्रेणी किंवा सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र
- शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र
- जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर
- नेट किंवा सेट या पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र
- एमएस-सीआयटी
- अनुभवाचे दाखले: जावक क्रमांक, तारीख, पद, आणि पूर्णवेळ की अर्धवेळ हे लिहिलेले
- नावात बदल असेल तर राजपत्राची प्रत
- लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट फोटो, सगळ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती

यातल्या तीन गोष्टी घात करतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, आणि जाहिराती येतात त्यानंतर. जात वैधतेला महिने लागतात, निवड झाल्यावर अर्ज करू म्हणाल तर पद हातचं जाईल. तिसरी आम्हा बायकांची: दहावीला माहेरचं नाव, पदवीला अर्धंमुर्धं, आधारवर सासरचं. माझ्या फाईलमध्ये माझीच तीन नावं होती. राजपत्रात नाव छापून आणेपर्यंत एक मुलाखत गेली ती गेलीच.

४. नेट किंवा सेट

महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला ५५ टक्के एम.लिब. आणि नेट किंवा सेट, नाहीतर नियमाप्रमाणे मिळवलेली पीएच.डी. लागते. पीएच.डी.त किती वर्षं जातील याचा भरवसा नाही, तेव्हा आधी परीक्षा द्या.

नेटमध्ये आपला विषय क्रमांक ५९. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, मिळून तीन तास, उणे गुण नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही. सेट आपल्याकडे पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. ग्रंथपालपदासाठी दोन्हींपैकी एक पुरे, आणि पात्रतेपुरती वयाची अट नाही. चाळिशीत सेट काढलेल्या मॅडम आमच्याच जिल्ह्यात आहेत. एम.लिब.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही नेट देता येते. थांबू नका.

आपली बहुतेक मुलं दुसऱ्या पेपरात नाही, पहिल्यात मार खातात. वर्गीकरण, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम, संदर्भसेवा सगळं तोंडपाठ आणि आकडेमोड, तर्क, उताऱ्यावरचे प्रश्न आले की घाम. रोज अर्धा तास फक्त पहिल्या पेपरला द्या.

५. हात चालवा

हे कोणी नीट शिकवत नाही आणि निवड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या दुसऱ्या मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी टेबलावर तीन मराठी पुस्तकं ठेवली आणि म्हणाले, "वर्गांक द्या." वर्गांक म्हणजे ड्यूईच्या दशांश पद्धतीत पुस्तकाला विषयाप्रमाणे द्यायचा अंक. एक कादंबरी, एक पाककृतींचं, एक द्राक्षबागेवरचं. माझ्याआधी आत गेलेल्या मुलाने बाहेर येऊन सांगितलं होतं की त्याने तिन्हींना ८९१.४६ दिला. मराठी आहे ना, मग मराठी! ८९१.४६ हा मराठी साहित्याचा अंक, कादंबरी ८९१.४६३, नाटक ८९१.४६२. पण पाककृती कुठल्याही भाषेत असली तरी ६४१.५, आणि द्राक्षबाग ६३४.८. पुस्तकाची भाषा आणि पुस्तकाचा विषय वेगळे असतात, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग त्यांनी चौथा प्रश्न टाकला, खास नाशिकचा. "कुसुमाग्रज कुठे ठेवाल?" कवितासंग्रहावर कुसुमाग्रज, नाटकावर वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच. सगळं एका नावाखाली आणायचं की नाही? लेखकाने स्वतःच दोन नावांनी वेगवेगळं लेखन केलं असेल तर दोन्ही नावं राखायची आणि 'हेही पहा' अशा नोंदीने एकमेकांना जोडायची. वाचक शिरवाडकर शोधत आला तर त्याला कवितेपर्यंतचा रस्ता दिसला पाहिजे. हे मला आलं, कारण गावच्या वाचनालयात एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला त्यावरून चांगलंच झापलं होतं.

आता संगणकाचं, म्हणजे ग्रंथालयाचा कारभार चालवणाऱ्या प्रणालींचं. खासगी महाविद्यालयांत कोहा, अनुदानितांत बऱ्याचदा इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राचं सोल, सरकारी ठिकाणी केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय भेटेल. कोहा फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालं; तेव्हा शिकायचं तर तेच घरी बसून शिका. जुना लॅपटॉप घ्या, त्यावर डेबियन किंवा उबुंटू ही फुकट कार्यप्रणाली चढवा आणि कोहा बसवा. मग या क्रमाने जा:

आधी ग्रंथालयाची शाखा, पुस्तकांचे प्रकार, वाचकांचे गट तयार करा. मग देवघेवीचे नियम: कोणाला किती पुस्तकं, किती दिवस, दंड किती. हे नियम भरायचे राहिले की पुस्तक दिलं जात नाही आणि नवखा माणूस तासभर स्कॅनरवर राग काढतो. मग घरातली पन्नास पुस्तकं 'मार्क' या नोंदीच्या ठरलेल्या साच्यात नोंदवा; त्यातले रकाने क्रमांकांनी ओळखले जातात. ०२० मध्ये आयएसबीएन, ०८२ मध्ये ड्यूईचा अंक, १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय, ७०० मध्ये अनुवादक. प्रतीची माहिती, म्हणजे दाखल क्रमांक, बारकोड, किंमत, ही ९५२ मध्ये.

पन्नास पुस्तकं चढली की शोधून बघा, आणि खरा खेळ तिथून सुरू होतो. देवनागरी शब्द नीट सापडत नाहीत, कारण कोहाच्या झेब्रा या शोधयंत्राची मूळ मांडणी आपल्या लिपीला धड नाही. त्यात आयसीयू या, जगभरच्या लिप्या हाताळणाऱ्या साधनाची अनुक्रमणी चालू करून सगळी अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागते. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं असेल तर मुलाखतीत तुमचा आवाजच वेगळा येतो.

तरी सगळं सापडत नाही. आमच्या सूचीत 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द असलेली एकोणीस पुस्तकं होती आणि शोधल्यावर अकरा दिसायची. दोन दिवस डोकं खाजवलं. नंतर कळलं की 'ऱ्या' हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकलं जातं: कोणी खालच्या टिंबाच्या 'ऱ' ने लिहितं, कोणी 'र' ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. तसंच 'नाशिक' आणि 'नासिक'चं. जुन्या पुस्तकांवर 'नासिक' छापलेलं असतं. २४५ मध्ये छापलं आहे तसंच ठेवायचं, पण दुसरं रूप २४६ मध्ये द्यायचं, म्हणजे दोन्हीकडून पुस्तक सापडतं. आणि जुनी यादी श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर सूचीत नुसते किडेमुंग्या.

आता ती निफाडची गोष्ट. पावसाळा संपता संपता एक द्राक्षबागायतदार भाऊ दारातूनच म्हणाले, "ओ ताई, भुरीवर एखादं पुस्तक हाय का?" मी संगणकात 'भुरी' टाकलं. शून्य. नाही म्हणून सांगितलं, ते गेले. आठवड्याने कपाट पुसताना 'द्राक्षावरील रोग व किडी' असं काहीसं नाव असलेलं एक पातळ पुस्तक हाती आलं, आणि त्यात भुरीवर अख्खं प्रकरण. पुस्तक होतं, माणूस आला होता, आणि मी दोघांची गाठ पडू दिली नाही. त्या दिवसापासून विषयाच्या रकान्यात मी 'द्राक्षे – रोग' लिहून थांबत नाही. भुरी, डावणी, करपा हे शब्दही टाकते. शीर्षक लेखकाच्या भाषेत असतं, प्रश्न वाचकाच्या. मधला पूल आपण बांधायचा, आणि नाशिकमध्ये मराठीत तो बांधून देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कामं आहेत ती यातच.

६. जाहिराती कुठे, कधी, आणि कशा वाचायच्या

खासगी महाविद्यालयांच्या जाहिराती प्रामुख्याने मे-जूनमध्ये, स्थानिक वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर, रविवारी. मोठ्या शिक्षणसंस्थांच्या संकेतस्थळांवरही असतात. केंद्रीय विद्यालयं, नवोदय आणि केंद्रीय संस्थांसाठी 'एम्प्लॉयमेंट न्यूज' दर आठवड्याला बघा. नुकतीच पदवी झाली असेल तर मोठ्या राष्ट्रीय संस्थांमधली 'लायब्ररी ट्रेनी'ची वर्षभराची जागा सोडू नका. विद्यावेतन बेताचं असतं, पण एक वर्ष तिथल्या ग्रंथालयात घालवलेल्या मुलीला नाशिकला परत आल्यावर कोणी "अनुभव काय?" म्हणून विचारत नाही.

जाहिरातीतला एकेक शब्द वाचा. 'अनुदानित' की 'विनाअनुदानित'? 'विद्यापीठ मान्यतेच्या अधीन' असेल तर मान्यता येईपर्यंत तुम्ही अधांतरी. 'प्रवर्ग' कुठला? खुल्या जागेवर कोणीही अर्ज करू शकतं, राखीववर फक्त त्या प्रवर्गाने. काही जाहिरातींत तळाला ओळ असते की मागास प्रवर्गाच्या उमेदवारांनी अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाला पाठवावी. ती ओळ नजरेतून सुटते. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा.

७. मुलाखत, आणि रुजू होताना

मुलाखतीला सध्या हमखास निघणारा विषय म्हणजे 'एक राष्ट्र, एक सदस्यता', म्हणजे संशोधन नियतकालिकांची देशपातळीवरची एकत्रित वर्गणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं; समन्वय इन्फ्लिबनेटकडे. पण लाभ केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना आहे, सगळ्यांना नाही. म्हणून खासगी महाविद्यालयात गेलात तर पुढचा प्रश्न तयार असतो: "मग आमच्या प्राध्यापकांना तुम्ही काय द्याल?" शोधगंगा हा प्रबंधांचा साठा, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मुक्त प्रवेशाची नियतकालिकं, हे नुसतं नाव घेऊन नाही तर उघडून दाखवता आलं पाहिजे. वाङ्मयचौर्य तपासणीबद्दलही विचारतात. २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे लक्षात असू द्या.

निवड झाली की आनंदाच्या भरात तीन चुका होतात. तिन्ही माझ्याकडून झाल्यात.

पहिली, मूळ प्रमाणपत्रं देऊन टाकणं. नाशिकमधल्या एका संस्थेने माझी सगळी मूळ कागदपत्रं "पडताळणीसाठी" म्हणून ठेवून घेतली आणि नोकरी सोडताना ती परत मिळवायला मला सात खेपा घालाव्या लागल्या. मूळ कागद समोर बसून दाखवा, साक्षांकित प्रती द्या, आणि उठताना मूळ कागद पिशवीत घालूनच उठा.

दुसरी, नियुक्तीपत्राशिवाय काम सुरू करणं. तपासणी समिती येणार असली की काही ठिकाणी घाईघाईने ग्रंथपाल 'दाखवला' जातो आणि समिती गेली की त्यालाही घरचा रस्ता. पत्रावर पद, वेतन, तारीख, भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख हवा. पगार बँकेत जमा करून त्यातला काही भाग रोख परत मागतात, असं कानावर आलं तर त्या दारात पाऊलच टाकू नका.

तिसरी, न मोजता चार्ज घेणं. आधीचा ग्रंथपाल यादी पुढे सरकवतो, प्राचार्य म्हणतात "सही करा हो, नंतर बघू." नंतर हरवलेल्या चारशे पुस्तकांचा जाब तुम्हाला विचारतात. दाखल नोंदवही घेऊन कपाटनिहाय पडताळणी करा. तेवढा वेळ दिला नाही तर सहीच्या वर "प्रत्यक्ष पडताळणीच्या अधीन राहून" असं लिहा. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वीस हजारांपर्यंतच्या ग्रंथसंग्रहाची पडताळणी दरवर्षी करायला सांगितली आहे, आणि दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं, अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, वाजवी धरलं आहे. खासगी संस्थेला तो नियम बांधील नसला तरी चर्चेत दाखवायला उपयोगी पडतो. मी दाखवलाय.

८. पाटी नसलेलं दार: शोधाचं काम

पेटंट शोधणाऱ्या कंपन्या, प्रकाशनसंस्था, वृत्तसंग्रह, कायद्याच्या फर्म, आणि कुठलंही शोधयंत्र बनवणारा गट, या सगळ्यांना माहिती नीट लावणारी आणि नीट शोधणारी माणसं लागतात. पद 'ग्रंथपाल' नसतं. मेटाडेटा संपादक, टॅक्सोनॉमिस्ट, संशोधन सहायक, अशा नावांनी शोधा. कार्यालयं पुण्या-मुंबईला असली तरी बरंचसं काम नाशिकला बसून होतं.

मराठीत इथे मोकळं मैदान आहे. भारतीय भाषांतल्या शोधाची कसोटी घेणारा 'फायर' हा उपक्रम २००८ पासून चालतो आणि पहिल्या फेरीपासून त्यात मराठी आहे. तरीही रोजच्या वापरातल्या साधनांत मराठी मागेच. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीबरोबर हिंदी आणि बंगालीसाठी शब्दांची रूपं ओळखणारा तयार विश्लेषक येतो, मराठीसाठी येत नाही. 'द्राक्ष', 'द्राक्षे', 'द्राक्षांवर', 'द्राक्षांच्या' ही एकाच शब्दाची रूपं आहेत हे यंत्राला कोणीतरी शिकवावं लागतं. आपल्या विभक्त्या आणि सामान्यरूपं त्याला आपोआप कळत नाहीत, आणि निव्वळ संगणकवाल्याला यातली मेख सापडायला वेळ लागतो.

जुन्या पोथ्यांचंही काम वाढतंय. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि नोंदणी करण्यासाठी. मोडी वाचता येणारा आणि मार्कमध्ये नोंद करता येणारा माणूस एकच असेल, तर त्याला आपल्या गोदाकाठी काम कमी पडू नये. डिजिटायझेशनचं कंत्राट घेताना मात्र दर पानामागे की नोंदीमागे, स्कॅन किती डीपीआयचं, आणि पैसे कधी, हे कागदावर घ्या. "घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी अनामत भरा" म्हणणाऱ्याला फोनवरच रामराम करा.

सुरुवात कशी करायची? ओपनरिफाईन शिका, गलिच्छ याद्या साफ करायला त्यासारखं साधन नाही. थोडं पायथन. मग दोनशे मराठी नोंदींचा छोटा साठा घ्या आणि खऱ्या वाचकांच्या तोंडचे वीस शोधशब्द लिहून काढा. प्रत्येक शोधाला आलेल्या उत्तरांतली कामाची किती, ते मोजा. दहा उत्तरांत सहा कामाची असतील तर अचूकता साठ टक्के. साठ्यात कामाची बाराच होती आणि सापडली सहा, तर निम्मी हातची गेली. मग 'ऱ्या' एकसारखा करून, विभक्तीप्रत्यय काढून, बोलीतले शब्द जोडून पुन्हा मोजा. आधीचे आणि नंतरचे आकडे एका पानावर मांडा आणि ते पान छापून फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. पदवी सगळ्यांकडे असते, हे पान नसतं.

माझ्या वीस शब्दांच्या यादीत पहिला शब्द 'भुरी' आहे.